फाटकापासून पोर्चपर्यंत : घरासमोरच्या काँक्रीट वाटेचे काम, एक पावसाळा उलटल्यानंतर

आमचे घर बेळगावातल्या वडगाव भागात, वस्ती संपून भातशेती सुरू होते त्या अंगाला आहे. फाटकापासून पोर्चपर्यंतची ४० फूट लांब आणि ११ फूट रुंद गाडीची वाट गेल्या नोव्हेंबरात आम्ही काँक्रीटची करून घेतली. शहरातल्याच एका लहान कंत्राटदाराने हे काम केले. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्या हातून एक चूक झाली आणि तीही मला सविस्तर सांगायची आहे. काम संपल्याबरोबर अभिप्राय लिहायला घेतला होता. पण आपल्याकडे उघड्यावरच्या कामाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, म्हणून पावसाळा जाईपर्यंत थांबलो.

याआधी त्या जागी पेव्हर ब्लॉक होते. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाने ते जमीन वरवर खरवडून, त्यावर कच (दगडाचा भुगा) पसरून दोन दिवसांत बसवले होते आणि दिसायला ते फार सुरेख होते. दुसऱ्या पावसाळ्यातच चाकांच्या दोन्ही ओळी खचून त्यांत पाणी साचू लागले आणि पुढे पोर्चच्या पायरीजवळचे ब्लॉक उचलले गेले. माझ्या आईचा पाय तिथेच अडखळला आणि मनगट मोडले. त्यामुळे या वेळी वरचा थर कसा दिसतो यापेक्षा खाली काय घातले जाते, हे पाहूनच काम द्यायचे असे ठरवले होते.

वडगाव, शहापूर आणि येळ्ळूरच्या शिवारातली जमीन काळी आहे. ज्या मातीत इथला बासमती पिकतो, तीच माती घराच्या वाटेखाली मात्र त्रास देते. पाणी प्याल्यावर ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट बसवलेली कोणतीही वस्तू दरवर्षी वर-खाली होणारच. खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा असल्याने तिथल्या लोकांना हा त्रास आपल्याइतका सोसावा लागत नाही. आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती. त्यांतल्या दोघांनी चौरस फुटाचा दर सांगितला आणि जाडी किती, असे विचारल्यावर ‘नेहमीची’ एवढेच उत्तर दिले. तिसऱ्याने पहार मागवून घेतली, वाटेच्या मधोमध दीड फुटाचा खड्डा खणून पाहिला आणि मगच दर दिला. तो इतरांपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने जास्त होता, तरी काम त्यालाच दिले.

खोदाईला दोन दिवस लागले. दीड फूट काळी माती काढून ट्रॉलीने बाहेर नेली आणि तिच्या जागी मुरूम भरला. या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो, कारण एकदा वर काँक्रीट पडले की खाली काय झाले ते पुढे कोणालाच दिसत नाही. मुरूम एकाच वेळी ओतून न टाकता सहा इंचांचे दोन थर केले. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टर चार-पाच वेळा फिरवून तो साडेचार इंचांपर्यंत बसवला आणि भिंतीलगत, जिथे यंत्र पोचत नाही तिथे, धुम्मसाने ठोकला. पाणी किती घालायचे याची मेस्त्रींची परीक्षा साधी होती. मूठभर मुरूम दाबला की त्याचा लाडू झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. त्यांनी माझ्या हातात मूठभर मुरूम देऊन तो दाबायला लावला. लाडू फुटला तेव्हा स्वतःच हसले आणि आणखी एक फेर पाणी मारायला सांगितले. मुरुमावर चार इंच खडी आणि कच यांचा थर दाबून बसवला, म्हणजे नऊ इंच मुरूम, चार इंच खडी आणि वर पाच इंच काँक्रीट असा दीड फुटांचा हिशेब झाला.

उताराबाबत माझा स्वतःचा समज चुकीचा होता. डोळ्यांना सपाट दिसणारी वाट चांगली, असे मला वाटत होते. कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकांनी पाणसळ नळी (पाण्याने पातळी तपासायची नळी) लावून जुन्या वाटेचा उतार रस्त्याकडे नसून घराकडे आहे, हे दाखवून दिले; पायरीपाशी दरवर्षी पाणी का साचत होते, याचा उलगडा तेव्हा झाला. नव्या वाटेला त्यांनी ५० फुटांना एक फूट, म्हणजे ४० फुटांत साधारण साडेनऊ इंच उतार दिला. आमचे जोते उंच असल्यामुळे तो सहज बसला. ज्यांचे जोते रस्त्याच्या पातळीला आहे त्यांनी कंत्राट देण्याआधीच पाणी कोणत्या बाजूने काढणार हे ठरवून घ्यावे, कारण नंतर त्यावर उपाय नसतो.

पोर्चच्या जोत्याला आणि कंपाउंडच्या भिंतीला नवे काँक्रीट चिकटू नये म्हणून मध्ये अर्ध्या इंचाचा थर्माकोल उभा केला. उन्हाने काँक्रीट प्रसरण पावते आणि त्याला हलायला जागा ठेवली नाही तर ते भिंतीला ढकलते. खडीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यामुळे कोरडी जमीन काँक्रीटमधले पाणी शोषून घेत नाही. त्यावर आठ मिलिमीटर सळईची, आठ इंचांच्या चौकटीची जाळी बांधली. ही जाळी जमिनीवर पडून राहिली तर तिचा काहीही उपयोग होत नाही. ती वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असली तरच पडलेली भेग आवळून धरते. म्हणून जाळीखाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवल्या होत्या. काँक्रीट पसरताना मजुरांच्या पायांनी दोन खुर्च्या कलंडल्या, तेव्हा पर्यवेक्षकांनी काम थांबवून त्या सरळ करून घेतल्या. मी जुन्या वाटेच्या वेळीही असाच उभा होतो, पण तेव्हा काय पाहायचे हेच मला ठाऊक नव्हते.

काँक्रीट जागेवर कालवायचे की तयार मागवायचे, यावर घरात बरीच चर्चा झाली. हिशेब केला तर १८३ घनफूट, म्हणजे सव्वापाच घनमीटरांच्या आसपास माल लागत होता आणि तेवढा एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये, म्हणजे तयार काँक्रीट फिरवत आणणाऱ्या गाडीत, मावतो. जागेवर कालवले असते तर चाळीसेक पोती सिमेंट, एम सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि खडी यांचे प्रत्येक घाण्यातले माप सारखे राहिलेच असते याची खात्री नव्हती. म्हणून एम २५ दर्जाचे तयार काँक्रीट मागवले. या नावातला २५ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा असतो. दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब त्याने सोसावा, असा त्याचा अर्थ.

गाडी सकाळी साडेआठला आली. आमचा बोळ अरुंद असल्याने तिची पन्हळ पहिल्या पंधरा फुटांपर्यंतच पोचली आणि उरलेला माल ढकलगाडीने वाहून न्यावा लागला. माल घट्ट आहे म्हणून गाडीच्या चालकाने टाकीतले पाणी सोडायची तयारी केली. अशा वेळी मजूर, चालक आणि घरमालक या तिघांनाही पाणी हवेच असते, कारण त्याने काम सोपे होते. पर्यवेक्षकांनी मात्र त्याला कन्नडमध्ये स्पष्ट शब्दांत थांबवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “काका, माल ढकलायला जड जाऊ दे, पण वरचं पाणी नको. ते पाणी उडून गेल्यावर आत भोकं राहतात.” त्यांची मजूर टोळी अर्धी कन्नड बोलणारी, अर्धी मराठी बोलणारी होती आणि दिवसभर दोन्ही भाषांत हुकूम सुटत होते, आपल्या गावात हे रोजचेच आहे, पण त्या दिवशी एकाही माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही, याची नोंद करावीशी वाटते. काँक्रीटमधली हवा काढणारा सुईचा व्हायब्रेटर जाळीच्या प्रत्येक दोन-तीन चौकटींमागे उभा घातला जात होता, वर बुडबुडे येणे थांबले की सावकाश काढला जात होता. गाडी दीड तासात रिकामी झाली.

पट्टी मारून झाल्यावर पृष्ठभागावर पाण्याची चकाकी येते. मेस्त्रींनी सवयीने सिमेंटचे घमेले पुढे ओढले, कारण जुन्या कोब्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटायची रीत त्यांच्या हातात मुरलेली आहे. घरातल्या कोब्याला ते चालते, पण उघड्यावर गाडीच्या वाटेला तसे केले तर वरचा पातळ पापुद्रा पुढे सुटू लागतो. पर्यवेक्षकांनी घमेले आदराने बाजूला ठेवायला लावले आणि पाणी आपोआप जिरेपर्यंत सर्वांना चहा पाजला. पाऊण तासाने पायाचा ठसा पाव इंचाहून कमी उमटू लागल्यावर रंधा (गवंड्याची लाकडी थापी) फिरवला आणि अखेरीस ओला खराटा एकाच दिशेने, आडवा ओढत नेला. त्या रेघांमुळे पावसात पाय घसरत नाही. चकचकीत वाट हवी म्हणून हट्ट धरणाऱ्या माझ्या मुलालाही आता तो खडबडीतपणा पटला आहे.

आता चुकीकडे येतो. काँक्रीट वाळताना आकसते आणि त्याला भेग पडणारच असते. ती वेडीवाकडी न पडता आपण ठरवलेल्या रेषेत पडावी म्हणून यंत्राने सांधे कापतात. पाच इंच जाडीला जास्तीत जास्त दहा-बारा फुटांचे तुकडे चालतात, म्हणून दर दहा फुटांवर सव्वा इंच खोल असे तीन काप ठरले होते. ते त्याच रात्री घ्यायला हवे होते. पहिले दोन काप रात्री नऊपर्यंत झाले आणि तिसऱ्याच्या वेळी पाते तुटले. त्यांच्याकडे दुसरे पाते नव्हते. सकाळी साडेदहाला नवे पाते घेऊन ते आले, तेव्हा ठरलेल्या रेषेपासून दीड फुटावर केसाएवढी भेग आधीच पडलेली होती. पर्यवेक्षकांनी ती लपवली नाही, त्यांनीच मला वाकून दाखवली आणि बिलातून कापाचा खर्च वजा केला. हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभले. तरीही एवढ्या जोखमीच्या टप्प्यावर दुसरे पाते जवळ नसणे ही तयारीतली उणीवच होय. काम देताना ‘काप कधी घेणार आणि पाते किती आणणार’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसरी तक्रार पाणी मारण्याबद्दल आहे. दरपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता आणि काम संपताच ते घरच्यांवर सोपवले गेले. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवतात तसे उताराच्या वाटेवर करता येत नाही, म्हणून आम्ही गोणपाट अंथरून, ते ओले करून वरून प्लॅस्टिक झाकले आणि दिवसातून चार वेळा पाणी दिले. साध्या सिमेंटला किमान सात आणि राखमिश्रित (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा द्यावा, असे आय. एस. ४५६ या भारतीय मानकात सांगितले आहे. आमचे सिमेंट राखमिश्रित असल्याने आम्ही चौदा दिवस दिला. नोकरी करणाऱ्या कुटुंबाला हे जमणारे नाही, त्यांनी यासाठी माणूस ठरवून त्याचे पैसे कंत्राटातच लिहून घ्यावेत. दुचाकी आठव्या दिवशी आणि चारचाकी २८ दिवसांनी आत घेतली; तोवर गाडी शेजाऱ्यांच्या अंगणात होती, त्याबद्दल त्यांचे आभार इथेही मानतो.

यंदाच्या जुलैत सलग पाऊस लागला, आमच्या मागे बळ्ळारी नाल्याकडच्या शेतांत पाणी भरले आणि कंपाउंडच्या बाहेरची काळी जमीन नेहमीप्रमाणे फुगली. वाट हलली नाही. पाऊस थांबल्यावर पाचव्या मिनिटाला पायरीजवळ पाणी नसते, ते फाटकातून रस्त्याच्या गटारात जाते. फाटकाजवळच्या शेवटच्या तुकड्यावर, मिक्सरमधला अखेरचा माल पडला तिथे, पृष्ठभाग थोडा भुरभुरीत वाटतो आणि झाडल्यावर बारीक धूळ निघते. उरलेला भाग टणक आहे. आई आता काठीशिवाय फाटकापर्यंत जाते.

डिसेंबरात मी त्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडव्या खुणा करून शेजारी तारीख घातली होती. मार्चमध्ये, जूनमध्ये आणि आता ऑक्टोबरात त्या पुन्हा तपासल्या. पावसाने एक खूण पुसट झाली होती, ती नव्याने काढावी लागली. भेग मात्र दोन्ही खुणांच्या आतच आहे आणि तिच्यात पोस्टकार्डाची कड अजूनही शिरत नाही.