ड्रॅगन फ्रूटच्या खांबांसाठी पेट्रोलवरचा अर्थ ऑगर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जत तालुक्यातल्या हलक्या जमिनीत ड्रॅगन फ्रूट लावायचे म्हटले की रोपांच्या आधी खांबांचा हिशेब करावा लागतो. निवडुंगाच्या कुळातली ही वेल आधाराशिवाय उभी राहत नाही, आणि ती खांबाच्या माथ्यावरच्या प्लेटवरून चहूबाजूंनी लोंबू लागली की चार रोपांचे वजन आणि माळावरच्या वाऱ्याचा जोर हे सगळे एकाच सिमेंटच्या खांबावर येते. ३ बाय ३ मीटर अंतर धरले तर एका एकरात साधारण ४५० खांब बसतात. सात फुटी खांब किमान दोन फूट जमिनीत गेला पाहिजे. शिवाय शेळ्या आणि मोकाट जनावरांसाठी चारही बाजूंनी कुंपण हवे, म्हणजे त्याचे खांब वेगळे. एवढे खड्डे पहारीने काढायला सलग काही आठवडे गडी मिळणे आमच्या भागात आता अवघड झाले आहे, म्हणून पेट्रोलवर चालणारा अर्थ ऑगर, म्हणजे जमिनीत गोल खड्डे पाडणारे यंत्र, घेतला. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तो मुरुमात, तांबड्या मातीत आणि ओढ्याकडेच्या काळ्या पट्ट्यातही चालवून झाला आहे, त्यामुळे आता त्याबद्दल सविस्तर लिहिता येईल.

यंत्र ६३ सीसीचे, टू-स्ट्रोक इंजिनाचे आहे. इंजिनाखाली गिअरबॉक्स, त्याच्या दांड्याला पिनेने अडकवलेले स्क्रूसारखे पाते आणि धरायला दोन्ही बाजूंना मुठी, एवढीच त्याची रचना. वेग वाढवला की आतला क्लच पकडतो आणि पाते फिरू लागते. मूठ सोडली की इंजिन चालू राहूनही पाते थांबले पाहिजे. नवीन यंत्र घेताना सर्वांत आधी हीच गोष्ट तपासावी, कारण मंद वेगावर पाते फिरत राहिले तर आयडलचा स्क्रू लावून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावणे धोक्याचे आहे. अशी यंत्रे साधारण दहा ते वीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळतात आणि सोबत ४, ६ आणि ८ इंची पाती देतात. काही दुकानदार १२ इंची पातेही गळ्यात घालतात, त्याबद्दल पुढे लिहितो.

वेगाविषयी सगळेच बोलतात. वाफशावरच्या, म्हणजे ना फार ओल्या ना फार कोरड्या मातीत दोन फुटांचा खड्डा चहाचा कप संपायच्या आत तयार होतो, हे खरे आहे. पण इतक्या महिन्यांनंतर मला या यंत्राचा खरा फायदा खड्ड्याच्या आकारात दिसतो, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पहारीने दोन फूट खोल जायचे तर हात आणि हत्यार चालवायला जागा लागते, म्हणून खड्डा वरून किमान दीड फूट रुंद होतो. तो सरळ मानला तरी त्यातून ९५ लिटरच्या आसपास माती निघते. ८ इंची पात्याने तेवढाच खोल खड्डा काढला तर जेमतेम १९ लिटर माती निघते. बाकीची सगळी माती हललेली नसते, आणि खांबाला धरून ठेवायचे काम तीच करते. मोकळी करून पुन्हा भरलेली माती कितीही ठोकली तरी एका पावसाळ्यात मूळ मातीइतकी घट्ट बसत नाही, म्हणून रुंद खड्ड्यातले खांब पहिल्याच वादळात कलतात.

काँक्रीट भरणाऱ्यांसाठी हाच हिशेब पैशांचा होतो. ४ इंच चौरस खांब दोन फुटांत ६ लिटर जागा घेतो. म्हणजे ऑगरच्या खड्ड्यात १३ लिटर काँक्रीट पुरते आणि पहारीच्या खड्ड्यात ८९ लिटर लागते. सिमेंट, वाळू आणि खडी १:२:४ प्रमाणात घेतली तर सिमेंटच्या एका पोत्यातून साधारण १५० लिटर काँक्रीट तयार होते. एका पोत्यात अकरा खांब भरायचे की पावणेदोन, एवढा हा फरक आहे. माझ्या बागेत आतल्या खांबांना मी मुरूमच ठोकून भरला आहे आणि काँक्रीट केवळ कुंपणाच्या कोपऱ्यांना आणि फाटकाला वापरले आहे, कारण तारेचा ताण तिथेच येतो.

मात्र खांबाचे माप आधी पाहून मगच पाते निवडावे. ४ इंची चौरस खांबाचा कर्ण साडेपाच इंचांपेक्षा थोडा जास्त भरतो, त्यामुळे ८ इंची खड्ड्यात चारही बाजूंनी धुमस (माती ठोकायचे जड हत्यार) किंवा पहारीचे बोथट टोक घालून ठोकायला पुरेशी फट राहते. ५ इंची खांबाचा कर्ण सात इंचांवर जातो आणि तिथे कोपऱ्यांशी अर्धाच इंच उरतो. मग भरलेला मुरूम तळापर्यंत पोहोचत नाही आणि वरून घट्ट वाटणारा खांब खाली पोकळीत उभा राहतो. अशा खांबांना १० इंची पाते लागते. पात्याचा व्यास वाढला की इंजिनावरचा भार वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ८ इंची पाते ४ इंचीच्या चौपट माती कापते आणि १२ इंची पाते नऊपट. माझ्या मुरुमात ६३ सीसीच्या इंजिनाला ८ इंची पाते झेपते, १० इंची कुरकुरत चालते आणि १२ इंची केवळ भुसभुशीत, ओल्या मातीत फिरते.

या यंत्राने काम कसे द्यावे हे इंजिनापेक्षा जमिनीतला ओलावा ठरवतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या मुरुमावर पाते नुसते घासत राहते, धूळ उडते, टोक तापते आणि खोली वाढत नाही. अशा वेळी वरून अंग टाकून दाबणे निरुपयोगी आहे, त्याने क्लच तापतो आणि दाते झिजतात. आमच्याकडे जमलेली पद्धत अशी: दोरी लावून फक्कीने खुणा केल्यावर प्रत्येक खुणेवर आधी ४ इंची पात्याने फूटभर छिद्र पाडायचे, त्यात दोन-तीन लिटर पाणी ओतायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच छिद्रावर ८ इंची पाते लावले की ते सरळ खाली उतरते. पाणी वाहून न्यायचा त्रास होतो, पण पेट्रोल, दाते आणि मनगटे या तिन्हींची बचत पाहता तो घेण्यासारखा आहे. ज्यांच्याकडे ठिबकच्या नळ्या आधीच अंथरलेल्या आहेत त्यांनी खुणेवर ड्रिपर येईल अशी नळी सरकवून एक रात्र पाणी सोडले तरी चालते.

काळ्या मातीत गोष्ट उलटी होते. तिथे ओल जास्त झाली की चिकट माती पात्याच्या पेरांत गच्च बसते, पाते वर घेतले तरी झडत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर इंजिन बंद करून लाकडी फळीने ती खरवडावी लागते. पूर्ण वाळलेली काळी माती तर विटेसारखी कडक असते. वाफसा असतानाचे थोडे दिवस तेवढे सोयीचे, आणि ते साधले पाहिजेत. या मातीचा आणखी एक स्वभाव खांबांसाठी महत्त्वाचा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडे देते, त्यामुळे तिच्यात उभा केलेला खांब दरवर्षी थोडा हलत राहतो. म्हणून ओढ्याकडेचे खांब आम्ही अडीच फूट खोल घेतले आणि निघालेली काळी माती परत न भरता बाजूला टाकून मुरूम भरला. पाते सुमारे अडीच फुटांचे असते, त्यापलीकडे जायचे तर दांड्याचा जोड लागतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि घ्यावा असेच मी सांगेन.

चालवताना पाते एका दमात खाली घालू नये. स्क्रूचा गुणच जमिनीत रुतण्याचा असल्यामुळे एकदा ते माती न टाकता खोल शिरले की काढताना दोन माणसांची कंबर जाते. सहा-आठ इंच उतरले की फिरतेच वर घ्यावे, माती खड्ड्याभोवती कड्यासारखी पडू द्यावी, ती फावड्याने मागे ओढावी आणि मग पुन्हा खाली जावे. तळाशी दोन-तीन इंच मोकळी माती राहतेच. तेवढे अंतर जास्त खोदून ती माती धुमसाने दाबून घेतली तर खांब नंतर खाली बसत नाही आणि वरच्या प्लेटांची ओळ सरळ राहते. रुतलेच तर इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, मोठ्या पान्याने पाते उलटे फिरवावे.

दगडाविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण जाहिरातीतल्या चित्रफितींमध्ये दगड कधी दिसत नाही. आमचा मुरूम हा झिजलेला काळा पाषाणच आहे आणि त्यात न झिजलेले गोटे दडलेले असतात. पाते अशा गोट्यावर अडकले की ते थांबते आणि इंजिनाचा सगळा जोर मुठींवर येतो. वरून पाहिले तर पाते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे यंत्राचे धूड उलट दिशेने झटका देते आणि डावी मूठ चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून एकट्याने चालवताना डावी मूठ आधीच डाव्या मांडीला टेकवून उभे राहावे. झटका मनगटाऐवजी मांडी घेते. माझा पुतण्या आणि मी बहुतेक काम दोघांनी मिळून केले, आणि ८ इंचांच्या पुढचे पाते एकट्याने चालवू नये असे माझे ठाम मत आहे. मोठा गोटा लागला की ऑगर बाजूला ठेवून पहार घ्यावी, तो निखळवावा आणि मग पुन्हा यंत्र लावावे. सलग कातळ असेल तिथे हे यंत्र काहीच करू शकत नाही. तिथे कातळ फोडणारा ब्रेकर मागवणे हाच मार्ग.

उपरणे, मफलर, पदर, सैल बाही, गळ्यातला दोरा यांतले काहीही फिरत्या दांड्याजवळ येता कामा नये. शेतात काम पाहायला माणसे जमतात आणि लहान मुले वाकून खड्ड्यात डोकावतात. त्यांना दोन-तीन खांबांइतके लांब ठेवावे. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे हवेत, कारण टू-स्ट्रोकचा आवाज तासाभरात कान बधिर करतो. कंपनामुळे बोटांना मुंग्या येतात, म्हणून पाळीपाळीने चालवावे आणि मधे विश्रांती घ्यावी. काढलेला खड्डा त्याच दिवशी खांबाने भरावा. ते जमणार नसेल तर त्यावर फळी आणि दगड ठेवावा, कारण अरुंद, खोल खड्ड्यात शेळीचा किंवा वासराचा पाय गेला तर तो मोडतोच.

इंधनाकडे मात्र शिस्तीने पाहावे लागते. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत २५:१ असे प्रमाण आहे, म्हणजे एका लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल. चांगल्या दर्जाच्या काही यंत्रांना ५०:१, म्हणजे २० मिली पुरते. शेजाऱ्याचे प्रमाण न पाहता आपल्या पुस्तिकेचेच पाळावे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आमच्याच उसाच्या कारखान्यांतून ते इथेनॉल जाते याचा मला आनंद आहे, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, हे टू-स्ट्रोकवाल्याने विसरू नये. म्हणून आठवड्याच्या कामापुरतेच मिश्रण करावे आणि काम संपले की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरही कोरडा करावा. नाहीतर आतला रबरी पडदा कडक होतो आणि पुढच्या हंगामात रस्सी ओढून खांदा दुखतो.

देखभाल फार नाही. मुरुमाच्या धुळीत एअर फिल्टर रोज धुवावा लागतो, गिअरबॉक्सला ग्रीस द्यावे लागते, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते ती काढावी लागते. पात्याचे दाते बोल्टने बसवलेले असतील असेच पाते घ्यावे. एकदा ते झिजले की गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून त्यांवर कठीण थर चढवून घेता येतो. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र माझी नाराजी आहे. रस्सीची स्प्रिंग तुटली तेव्हा जिथून यंत्र घेतले त्या दुकानात ती मिळाली नाही आणि तालुक्याच्या गावाला जाऊन दुसऱ्या यंत्राची बसवून घ्यावी लागली. घेण्याआधी स्प्रिंग, क्लच आणि पिना त्याच दुकानात आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. माझ्या पात्याच्या दांड्याचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि तो बाजारात सहज मिळतो. वेगळ्या मापाचा दांडा असेल तर प्रत्येक पात्यासाठी त्याच विक्रेत्याकडे जावे लागते.

ओळखीचे बागायतदार विचारतात की याने आंबा-डाळिंबाचे खड्डे काढावेत का. डाळिंबाला ६० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा सांगतात, आंब्याला १ मीटरचा. तो आकार मोठ्यातल्या मोठ्या पात्यानेही येत नाही, आणि ओल्या चिकणमातीत पात्याने खड्ड्याची भिंत चोपडी होऊन मुळे आतल्या आत गोल फिरतात. लावायचेच असेल तर भिंती पहारीने खरवडून घ्याव्यात. ड्रॅगन फ्रूटच्या रोपांसाठी तर याची गरजच नाही. त्याची मुळे वरच्या थरात पसरतात आणि खांबाशेजारच्या उंच वाफ्यावर रोपे हातानेच लावली जातात.

ज्याचे शेत सपाट आणि मोकळे आहे, माती खोल काळी आहे आणि खांब एकदाच रोवायचे आहेत, त्याने ट्रॅक्टरचा होल डिगर भाड्याने आणावा. त्या मातीत तो जास्त ताकदीने आणि कमी कष्टात काम करतो. उतारावर, बांधाकडेला, खांबांच्या दोन ओळींमध्ये आणि मोडलेला एखादा खांब बदलायला मात्र ट्रॅक्टर जात नाही, आणि माझी बरीचशी जमीन तशीच आहे. अशांनी ५२ सीसीच्या खाली न जाता ६३ सीसीचे यंत्र घ्यावे, सोबत ४ आणि ८ इंची पाती आणि दांड्याचा जोड घ्यावा, आणि १२ इंची पात्याचे पैसे पिना आणि जादा दात्यांवर खर्च करावेत.