व्हर्सायला जाताना तिकीट मशीनपाशी झालेली फसवणूक

उन्हाळ्याच्या सुट्टीत पॅरिसला मुक्काम ठेवून एका दिवसात जवळच्या व्हर्सायचा राजवाडा पाहून येणारी आपली कुटुंबं बरीच असतात. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे नक्की वाचा.

व्हर्सायला जायला आरईआर सी ही लोकल सर्वांत सोयीची, राजवाड्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर सोडते. पण तिचा पॅरिसमधला मधला टप्पा उन्हाळ्यात कामासाठी काही आठवडे बंद ठेवतात. आम्ही सीनकाठच्या स्टेशनवर पोचलो तेव्हा भिंतीवर तशी सूचना होतीच. मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांच्या आतली दोन मुलं सूचना वाचत असतानाच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस जवळ आला. स्वच्छ इंग्रजी, सासूबाईंशी अदबीने बोलणं. ‘ही गाडी बंद आहे, मोंपार्नास स्टेशनहून जा,’ म्हणाला. ते अगदी खरं होतं, आणि त्याचा सगळा डाव त्या एका खऱ्या माहितीवर उभा होता.

‘व्हर्साय शहराबाहेर आहे, त्याला दिवसभराचा वेगळा पास लागतो,’ असं म्हणत तो मशीनपाशी उभा राहिला. पडद्यावर सगळं फ्रेंच. नवऱ्याने कार्ड घातलं की व्यवहार रद्द व्हायचा, कारण रद्दचं बटण तोच दाबत होता. मग ‘भारतातलं कार्ड इथे चालत नाही’ म्हणून त्याने स्वतःच्या कार्डाने पैसे भरले, आमच्या हातात तिकिटाची पाच कार्डं ठेवली आणि 120 युरो रोख घेतले. पावतीचा कागद संपलाय म्हणाला.

व्हर्साय शांतिए स्टेशनवर तपासनीस उभे होते. प्रत्येक कार्डावर लहान मुलाचं, एका फेरीचं, अर्धं तिकीट निघालं. आम्हा तिघा मोठ्यांना दंड झाला. दंड जागेवर भरला तर कमी असतो, नंतर भरतो म्हटलं तर वाढतो, म्हणून भरून टाकला. सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या. आयुष्यात कधी विनातिकीट बसले नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पैशापेक्षा मला त्याचा संताप जास्त आहे.

आता खरा हिशोब पाहा. जानेवारी 2025 मध्ये मेट्रो, ट्रेन आणि आरईआरला विमानतळ सोडून सगळ्या पॅरिस परिसरासाठी एकच दर आला, त्या वर्षी 2.50 युरो. चार ते नऊ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मेट्रोने मोंपार्नास आणि तिथून व्हर्सायची गाडी, दोन्ही त्याच एका तिकिटात. म्हणजे त्या दराने आम्हा पाच जणांचं जाणं-येणं 20 युरोंत झालं असतं, वर प्रत्येकी दोन युरोंचं कार्ड.

मशीनची भाषा इंग्रजी करता येते, बटण पहिल्याच पडद्यावर असतं. इल-द-फ्रान्स मोबिलिते या अ‍ॅपवरून फोनवरही तिकीट मिळतं. मदत हवी तर खिडकीशी जा. मशीनपाशी आपणहून येऊन रोख मागणाऱ्याच्या गळ्यात कसलंही ओळखपत्र असो, त्याच्याकडून तिकीट घेऊ नका.

आणखी एक. राजवाड्याजवळ ‘रांग टाळा’ म्हणत तिकिटं विकणारे भेटतात. आम्हाला भेटलेला मुलांचेही पैसे मागत होता. राजवाड्यात 18 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. मोठ्यांचं वेळ ठरवून दिलेलं तिकीट राजवाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी राजवाडा बंद असतो.

एवढं होऊनही आरसे महालात मुलं रमली, सासूबाई खिडकीतून बाग पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या.

पॅरिसला परतल्यावर आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पैसे मिळाले नाहीत, पण प्रवास विम्याचा दावा करायचा तर तक्रारीची प्रत लागतेच. गाडीत किंवा स्टेशनवर असं काही घडत असेल तर रेल्वेच्या सुरक्षेचा क्रमांक 3117 आहे, आणि जिवाला धोका वाटला तर 112.