ओटीपी मेसेजवर घ्यायचा की ॲपवर?

पासवर्ड टाकला की पुढे सहा आकडे मागतात. ते मेसेजने मागवावेत की ऑथेंटिकेटर ॲपमध्ये बघावेत?

मेसेजला साधा बटणांचा फोनही चालतो, कुणाला काही शिकवावं लागत नाही. पण मेसेज येतो सिमवर. खोटी कागदपत्रं दाखवून कुणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं, की ओटीपी त्याच्या हातात. तुमची रेंज अचानक गायब आणि त्याच कंपनीचं सिम वापरणाऱ्या शेजाऱ्याची शाबूत, तर आधी कंपनीला फोन लावा.

ॲपची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. मग ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून बहुतेक ॲप्स दर ३० सेकंदांनी नवे आकडे तयार करतात. रेंज लागतच नाही. साताऱ्याहून पाटण ओलांडून कोयनेच्या खोऱ्यात गेलेल्याला, ओटीपीसाठी गच्चीवर हात उंचावून उभं राहिलेल्याला, याचं मोल सांगायला नको. फोन हरवला तर मात्र पंचाईत. म्हणून बॅकअप कोड, म्हणजे ॲप हाताशी नसताना खातं उघडायला आधीच मिळणारे राखीव कोड, कागदावर लिहून कपाटात ठेवायचे.

फोनवर गोड बोलून आकडे काढून घेणाऱ्यापुढे दोन्ही सारखेच लंगडे.

बँकेत आपली मर्जी फारशी चालत नाही, देतील तो मार्ग घ्यायचा. ईमेलला मात्र ॲपच लावा, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. आईच्या फोनवर मेसेज राहू दे.