गॅस ठेवावा की विजेवर जावं? बे एरियातल्या घरमालकांसाठी तुलना

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, स्वतःचं घर असलेली चार मराठी कुटुंबं एकत्र जमली की हल्ली हा विषय निघतोच: सरकार गॅस बंद करणार आहे, तर आत्ताच सगळं विजेवर घ्यायचं का? पुण्या-नागपुरातले नातेवाईक फोनवर विचारतात ते आणखी पुढचं, घरातल्या शेगड्या काढून नेणार का म्हणून. माझं मत आधीच सांगून टाकते. विचार आजच करायचा तो पाणी तापवणाऱ्या टाकीचा, म्हणजे वॉटर हीटरचा. शेगडीला आणि गाडीला वेळ आहे.

नियम नेमका कशावर आहे

मार्च २०२३ मध्ये बे एरियाच्या हवा-गुणवत्ता मंडळाने ठरवलं की पुढे नवीन विकली आणि बसवली जाणारी उपकरणं नायट्रोजन ऑक्साइड सोडणारी, म्हणजे व्यवहारात गॅसवर चालणारी, नसावीत. घरगुती वॉटर हीटरसाठी तारीख ठरली १ जानेवारी २०२७, घर तापवणाऱ्या फर्नेससाठी २०२९ आणि मोठ्या इमारतींच्या बॉयलरसाठी २०३१. सध्या चालू असलेला हीटर काढायला कुणी येणार नाही, तो दुरुस्त करून वापरायलाही आडकाठी नाही. शेगडी, ओव्हन आणि कपड्यांचा ड्रायर या नियमात नाहीतच. तारखा आणि सवलतींवर मंडळात पुढेही चर्चा होत राहिली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष खरेदी कराल त्या आठवड्यात मंडळाच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा.

शेगडीबद्दलची भीती आली कुठून? बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइनच नको असा कायदा केला होता. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि २०२४ मध्ये शहराने तो मागे घेण्याचं कबूल केलं. बातमी मात्र लोकांच्या डोक्यात राहिली. लॉस एंजेलिस भागातल्या मंडळासमोरही हीटर आणि फर्नेसबद्दलचा नियम आला होता. जून २०२५ मध्ये तो ७ विरुद्ध ५ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे तुमचा मित्र त्या भागातल्या अर्व्हाइनमध्ये राहत असेल तर त्याचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

वॉटर हीटर: खरा निर्णय इथे आहे

गॅसवर पाणी तापवणारी टाकी साधारण दहा-पंधरा वर्षं टिकते, आणि मरते ती बहुतेक वेळा अचानक. एका सकाळी गराजमध्ये पाणी साचलेलं दिसतं. घरात लहान मुलं असतात, आईवडील भारतातून आलेले असतात, आणि प्लंबर त्याच दिवशी जे बसवू शकतो ते बसवलं जातं. नियम लागू झाल्यावर अशा दिवशी विजेवरचा, बहुधा हीट पंपाचा, वॉटर हीटर घ्यावा लागेल, आणि त्याची तयारी घरात नसेल तर घरच्यांना दोन-तीन आठवडे गरम पाण्याशिवाय काढावे लागू शकतात. मला काळजी वाटते ती या घरांची. ज्यांची टाकी नवी आहे त्यांनी निवांत राहावं.

आधी गराजमध्ये जाऊन टाकीवरचा स्टिकर वाचा. सीरियल नंबरमध्ये बहुधा उत्पादनाचं वर्ष आणि महिना दडलेला असतो. मग विजेचं पॅनल उघडून मुख्य ब्रेकरवरचा आकडा बघा. जुन्या घरांत तो १०० अँपिअर असतो, नव्यांत २००. नेहमीच्या हीट पंप हीटरला २४० व्होल्टचं ३० अँपिअरचं वेगळं सर्किट लागतं. पॅनलमध्ये जागा नसेल तर पॅनल बदलण्याचा खर्चच काही हजार डॉलरवर जातो. साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारे हीटरही मिळतात. ते पाणी सावकाश तापवतात, पण जरा मोठी टाकी घेतली तर चार जणांच्या घराला पुरतात. शंभर अँपिअरवाल्यांनी आधी यांची चौकशी करावी.

आता पैशांचं. बसवण्यासकट गॅसची टाकी दोन ते चार हजार डॉलरमध्ये होते, हीट पंपाची साधारण पाच ते आठ हजारांत. हीट पंपावरची दोन हजार डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत २०२५ अखेर संपली. स्थानिक वीजसंस्थांची अनुदानं असतात, पण निधी संपला की खिडकी बंद होते.

मासिक खर्चाचा हिशोब स्वतःच्या बिलावरून करा, तो अवघड नाही. गॅसचं बिल थर्म या मापात येतं, आणि एका थर्ममध्ये २९.३ युनिट ऊर्जा असते. जुनी टाकी त्यातली साठ-बासष्ट टक्केच पाण्यात उतरवते, म्हणजे सुमारे १८ युनिट. हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तेवढंच काम तो ६ युनिट विजेत करतो. गॅस अडीच डॉलर थर्म आणि वीज ४० सेंट युनिट धरली तर अडीच डॉलरच्या जागी दोन डॉलर चाळीस सेंट. बचत जवळजवळ शून्य! सनीव्हेल किंवा फ्रीमाँटमधल्या घराला कुणी मोठ्या बचतीचं आमिष दाखवत असेल तर त्याच्याकडून हा हिशोब लिहून मागा. पण सांता क्लारा शहराची वीज नगरपालिकेची आहे आणि तिचा दर आसपासच्या शहरांना वीज देणाऱ्या पीजी अँड ई कंपनीच्या निम्म्याहून कमी. तिथे तेच पाणी सव्वा डॉलरच्या आत तापतं. रस्ता ओलांडला की उत्तर बदलतं, इतका हा दराचा प्रश्न आहे.

हीट पंपाच्या अडचणीही आहेत. पंखा आवाज करतो, गराज थंड पडतं, बाष्पाचं पाणी जायला नळी लागते, आणि टाकी घरातल्या कपाटात असेल तर पुरेशी हवा मिळत नाही. वीज गेली की तोही थांबतो, तर पायलट ज्योतीवर चालणारी जुनी गॅसची टाकी चालूच राहते. वणव्यांच्या दिवसांत जिथे मुद्दाम वीज बंद करतात, त्या डोंगराकडच्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

माझा सल्ला: टाकी दहा वर्षांहून जुनी असेल तर ती फुटायची वाट बघू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून सर्किट किंवा प्लगची सोय आत्ताच करून ठेवा, मग हीटर केव्हाही बसवता येईल. तीन-चार वर्षांत घर विकणार असाल आणि टाकी ठणठणीत असेल, तर हात लावू नका.

फर्नेस

इथे एकच प्रश्न विचारा: उन्हाळ्यासाठी एसी बसवायचा आहे का? असेल तर हीट पंपच घ्या, कारण तेच यंत्र थंडीत घर तापवतं आणि उन्हाळ्यात गार करतं. एसी नको असेल आणि फर्नेस बरी असेल तर थांबा. एक गैरसमज मात्र दूर करते: वीज गेल्यावर गॅसची फर्नेसही चालत नाही, कारण तिचा पंखा विजेवरच असतो.

शेगडी

नियम नाही, तरी विचार करण्यासारखं आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड स्वयंपाकघरातच सुटतो आणि तो श्वासनलिकेला त्रास देतो. इथल्या बऱ्याच घरांत शेगडीवरचा मायक्रोवेव्हचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा घरातच सोडतो. फोडणी देताना पंख्यासमोर हात धरून बघा. हवा चेहऱ्याकडे येत असेल तर तुमचा पंखा त्यातला आहे. घरात दम्याचं मूल असेल तर मी इंडक्शन घेईन, नाहीतर निदान बाहेर हवा टाकणारा हूड बसवीन.

इंडक्शनवर लोखंडी तवा आणि बिडाची कढई उत्तम चालते. अॅल्युमिनिअम, हिंडालिअम, पितळ चालत नाही, त्यामुळे आईने दिलेला कुकर बहुधा माळ्यावर जातो. दूध उतू जात नाही असं नाही, पण आच कमी केली की फेस लगेच बसतो. पोळी छान होते, फडक्याने दाबली की तव्यावरच फुगते. भाकरीला मात्र दुसऱ्या बाजूने जाळ हवा. तव्यावर दाबून भाजलेली भाकरी खाता येते, ती खरपूस चव येत नाही. भरताचं वांगं ओव्हनच्या ब्रॉयलरखाली भाजून भागतं. ज्यांच्याकडे रोज भाकरी होते त्यांनी गॅस ठेवावा, आणि त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही.

गाडी

कॅलिफोर्नियाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं होतं की २०३५ पासून नव्या गाड्या शून्य-उत्सर्जन किंवा प्लग-इन हायब्रिडच विकल्या जातील. असा नियम करायला राज्याला केंद्राची परवानगी लागते; जून २०२५ मध्ये केंद्राने ती काढून घेतली आणि राज्य न्यायालयात गेलं. मूळ नियमातही जुनी पेट्रोल गाडी चालवायला किंवा विकायला बंदी नव्हती. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच टाच आली, तसं इथे नाही. म्हणून नियमाच्या धास्तीने गाडी बदलू नका.

खर्च मैलामागे मोजा. घरी रात्री ३० सेंट दराने चार्ज केली तर विजेच्या गाडीला साडेआठ-नऊ सेंट पडतात. पेट्रोल गॅलनला ४ डॉलर ८० सेंट धरलं तर तीस मैल देणाऱ्या गाडीला १६ सेंट, पन्नास मैल देणाऱ्या हायब्रिडला साडेनऊ. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर ५५ सेंटने भरली तर विजेची गाडीही १६ सेंटवर जाते. विजेच्या गाडीवरची केंद्राची साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आणि एकट्याने कारपूल लेनमधून जाण्याचं स्टिकरही त्याच दिवशी गेलं.

तेव्हा स्वतःचं गराज असेल तर विजेची गाडी, तीही दोन-तीन वर्षं वापरलेली, कारण त्यांच्या किमती बऱ्याच उतरलेल्या असतात. अपार्टमेंट किंवा टाउनहाउसमध्ये राहत असाल आणि पार्किंगला प्लग नसेल तर हायब्रिड घ्या. सोसायटीकडे चार्जरची परवानगी मागायची असेल तर लेखी अर्ज करा: कॅलिफोर्नियाच्या कायद्याने घरमालकाच्या स्वतःच्या जागेतल्या चार्जरला सोसायटी अवाजवी अडथळे आणू शकत नाही.