टेबलावरचे इलेक्ट्रोस्पिनिंग यंत्र : तंतू चांगले, दमट हवेपुढे मात्र हतबल

अमोनियाचा संवेदक बनवण्यासाठी लागणारे विद्युतवाहक नॅनोतंतू काढायला आमच्या प्रयोगशाळेने हे इलेक्ट्रोस्पिनिंग यंत्र, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावणाची बारीक धार ओढून तंतू काढणारे यंत्र, घेतले. उत्पादकाचे नाव मुद्दाम टाळले आहे.

नुसत्या पॉलिअ‍ॅनिलीनचे तंतू सहसा ओढले जात नाहीत. वीज वाहू शकणाऱ्या या पॉलिमरची रेणूसाखळी ताठर असते आणि द्रावणाला पुरेसा चिवटपणा येत नाही. म्हणून कॅम्फर सल्फोनिक आम्लाने डोप केलेले (प्रोटॉन देऊन विद्युतवाहक बनवलेले) पॉलिअ‍ॅनिलीन आणि तंतू ओढायला मदत करणारे पॉलिइथिलीन ऑक्साइड क्लोरोफॉर्ममध्ये एकत्र विरघळवण्याची रूढ पद्धत आम्ही वापरली. यंत्राचा उच्च दाबाचा वीजपुरवठा खरोखर उत्तम आहे. १५ किलोव्होल्टच्या आसपास तो स्थिर राहतो, दार उघडताच तत्काळ बंद होतो आणि सुईच्या टोकावरच्या शंकूतून सुटणारी धार तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. मात्र क्लोरोफॉर्म झटकन उडून जात असल्याने सुईवर हिरवी खपली धरते, आणि ती पुसायची तर दर वेळी दार उघडून सगळे थांबवावे लागते. बाहेरून फिरवता येणारी साधी पुसणी दिली असती तर हा व्याप वाचला असता. वाफा ओढणारा पंखाही तोकडा आहे, त्यामुळे यंत्र फ्यूम हुडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) ठेवावे.

खरी अडचण पावसाळ्यात येते. पॉलिइथिलीन ऑक्साइड पाण्यात विरघळणारे असल्याने दमट हवेत तंतू नीट सुकत नाहीत आणि एकमेकांना चिकटतात. यंत्राच्या पडद्यावर आर्द्रतेचा आकडा दिसतो, पण ती कमी करण्याची सोय वेगळे पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. संवेदकासाठी ही बाब दुय्यम नाही, कारण पाण्याच्या वाफेनेही पॉलिअ‍ॅनिलीनचा विद्युतरोध बदलतो. त्यामुळे तंतू कोणत्या हवेत काढले आणि कोणत्या हवेत तपासले याची नोंद नसेल, तर दोन नमुन्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कोरड्या दिवसांतले तंतू मात्र समाधानकारक निघाले. अमोनिया पॉलिअ‍ॅनिलीनवरचे प्रोटॉन काढून घेतो, त्यामुळे रोध वाढतो आणि जाड थरात हिरवा रंग निळसर होत गेलेला डोळ्यांनाही दिसतो. स्वच्छ हवा सोडल्यावर रोध खाली येतो, पण सावकाश.

विक्रेते तंतू गोळा करणाऱ्या फिरत्या ड्रमचा आग्रह धरतात. तंतू एका दिशेत रचायचे नसतील तर तो घेऊ नये. तेच पैसे आर्द्रता-नियंत्रणाला द्यावेत. काचेवरचे इलेक्ट्रोड वापरणाऱ्यांनी ते तांब्याच्या पट्टीने संग्राहकाशी (तंतू जिथे जमा होतात त्या भागाशी) जोडून घ्यावेत, कारण सोबत आलेली चिमटी काचेवर बसत नाही.