टिनाच्या घरासाठी कूलर की चुना?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाखाली दिवसभर पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी वाटते. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. पण वीज हवी, टाकीत सतत पाणी हवं, हवा बाहेर जायला खिडकीही उघडी हवी. जूनमध्ये हवा दमट झाली की नुसता चिकचिकाट!

चुन्यात थोडा फेविकॉल घालून टिनावर दोन हात मारले, की बरंचसं ऊन वरच्यावर परत जातं. लाईट गेली तरी फरक पडत नाही. पावसात धुपतो, दरवर्षी मारावा लागतो, एवढंच. पैसे एकापुरतेच असतील तर माझ्या मते आधी चुना. आजी असंबद्ध बोलू लागली, तर मात्र अंग ओलं करा आणि लगेच 108 ला फोन लावा.