खाकीतल्या दोघी

मी वनरक्षक. बीड जिल्ह्यात, मोरांच्या रानात माझी बीट. त्यामुळं जंगलखात्यावर कुणी काही काढलं की कथा नंतर, मी आधी गणवेश बघते. 'लेस्बियन नॅशनल पार्क्स अँड सर्व्हिसेस : अ फोर्स ऑफ नेचर' या लघुपटातला गणवेश एकदम पास. शर्ट, टोपी, बिल्ला, सगळं इतकं कडक की मी बसल्या जागी सरळ झाले.

खातं मात्र साफ खोटं. शॉना डेम्प्सी आणि लॉरी मिलन या कॅनडातल्या विनिपेगच्या दोन कलाकार बाया. १९९७ साली त्या असा गणवेश चढवून बॅन्फमध्ये फिरल्या, पर्यटकांना माहितीपत्रकं वाटली. बॅन्फ म्हणजे तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८८५ चं. खाकी दिसली की माणूस रस्ता विचारतोच, हे मी रोज बघते. त्याच सोंगावर २००२ साली हा अर्ध्या तासाच्या आतला खोटा माहितीपट झाला.

गंमत निवेदनात आहे. वाघ-सिंहांच्या माहितीपटात असतो तसला भारदस्त आवाज, आणि विषय लेस्बियन बाया! जणू दुर्मिळ प्रजात, तिचा अधिवास, तिचं संवर्धन. दोघींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. "ह्या बाया पोरींना नादी लावतात" हा आरोप सगळीकडं सारखाच. इथं त्या चक्क भरतीच काढतात. ही हसून हसून उशीत तोंड खुपसून बसली. ('ही' म्हणजे माझी जोडीदार. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरमालकीण काकूंना आम्ही मावसबहिणी म्हणून सांगितलंय.)

मी मात्र मधेच गप्प झाले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आम्ही पाणवठ्यावर मचाणावर बसून जनावरं मोजतो. रोही येतात, रानडुकरं येतात. सायाळ लवकर दिसत नाही, पण सकाळी तिचा काटा सापडला तर सायाळ आहे म्हणून आम्ही मानतो. आमच्या घरात कुणी काय शोधायचं? दोन टिफिन, एक पलंग. सात वर्षं झाली, काकूंना काटा काही सापडला नाही. किंवा सापडला असेल.

खोट काढायची तर इंग्रजी भरभर आहे, खाली मराठी पट्टी नाही. मला थांबवून थांबवून हिला विचारावं लागलं. आणि एकच विनोद ताणलाय, मध्यावर थोडी डुलकी लागते. तसले इंग्रजी निसर्गपट ज्यानं बघितले नाहीत त्याला निम्मी थट्टा कळायची नाही. तरी पाचातले चार.

शेवटाकडं काकू भाकरीचं पीठ मागायला आल्या अन् दारातच थबकल्या.

"तुझ्याच खात्यातल्या का गं ह्या बाया?"

"हो काकू."

"कुठल्या?"

"कॅनडाच्या."

"तिकडं बी आहेत व्हय?" म्हणत काकू पलंगाच्या कडेला टेकल्या, संपेपर्यंत उठल्या नाहीत. पीठ न्यायचं विसरल्या.